गोरखचिंचेवरचा ओंडका कुणाचा

मी किथेका न्दुंदा, मुक्काम किथुनी, मुतोमोच्या दक्षिणेला, कोरड्या नदीच्या पलीकडे, वय अंदाजे शहात्तर, कारण माझा जन्म टोळधाडीच्या वर्षातला आणि टोळांनी तारीख लिहून ठेवली नाही, धंदा मधाचा, आज स्वतःच्या हाताने, मागे कुणी उभं नसताना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करावं ते लिहून ठेवतो.

माझी बुद्धी शाबूत आहे. काटुंगे वकीलबाईंनी मला वार, नातवंडांची नावं आणि शेळ्यांची संख्या विचारून खात्री करून घेतली. शेळ्यांच्या संख्येत मी एकीने चुकलो, पण ती एक काल व्याली, हे बाईंना ठाऊक नव्हतं. मन मात्र ठिकाणावर नाही, हे मी बाईंना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, बुद्धी असली की झालं. मनाचं कोर्ट विचारत नाही." तेव्हा पुढे ज्या कलमांत मी गोंधळलेला दिसेन तिथे मी खरोखरच गोंधळलेला आहे. माझ्या म्हातारपणाला त्याचा दोष देऊ नये.

याआधी मी एक मृत्युपत्र चहाच्या पुड्याच्या कागदावर केलं होतं. ते रागात केलं होतं. ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, अंगण आणि पाण्याची टाकी मुलगा मुथियानी याला. अट एकच. घरामागचा मोठा सपाट दगड फोडू नये, हलवू नये. माझी बायको कालेक्ये त्यावर वाल सुकवायची. ती गेल्यापासून त्या दगडाला काही काम नाही, तरी तो असू द्यावा.

कलम २. मुतोमोमधलं मधाचं दुकान, चाळण्या, डबे आणि ट्रक हेही मुथियानीला. त्याला व्यापार येतो, कान येत नाही. याचा अर्थ कलम ६ मध्ये कळेल. बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांना सारखं.

कलम ३. माझी कुऱ्हाड, वाकस आणि चामड्याचा दोर. हे ज्याला मागावंसं वाटेल त्याने घ्यावं. वाकसाचा दांडा मी स्वतः नऊ वेळा बदलला आहे आणि पातं दोनदा. तरी ते तेच वाकस आहे, असं मी समजतो. त्याने मी चौदाव्या वर्षी वाऱ्याने पडलेल्या झाडाचा पहिला ओंडका पोखरला. तो दोन्हीकडून झाकला, वर खूण कोरली, बाभळीला टांगला आणि खाली बसून राहिलो. बाविसाव्या दिवशी मधमाश्या आल्या. आज माझे असे शहाऐंशी ओंडके आहेत.

कलम ४. आता जुनी गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझे वडील झाडावरून पडून गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्यांचे सात ओंडके माझ्या चुलत्याने नेले आणि वडिलांची खूण, तीन उभ्या रेघा आणि एक ठिपका, तापल्या लोखंडाने जाळून तिच्यावर आपली कोरली. मोठा झाल्यावर मी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत गेलो. सहा ओंडके तोवर कुजून गेले होते. सातवा, टेकडीवरच्या गोरखचिंचेवरचा, खाली उतरवला, तासला, आणि चुलत्याच्या खुणेखाली माझ्या वडिलांचा ठिपका निघाला. ओंडका मला मिळाला. चुलत्याचा मुलगा किलुंडो तेव्हा विशीत होता, जन्मापासून त्याच झाडाचा मध खाऊन वाढलेला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ने. पण चव माझ्या जिभेवरून नेता येते का बघ." त्यानंतर आम्ही दोघे एकमेकांच्या मयतीला जाऊ, इतपतच बोलणं ठेवलं.

कलम ५. मुलगी स्योम्बुआ. तिला काय द्यायचं, यावर मी हा कागद सहा वेळा फाडला.

ती शिकायला नैरोबीला गेली, तिथेच राहिली, आणि तिने एक खानावळ काढली. तिथे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. इथवर मला काही अडचण नव्हती, आमच्या लहानपणी आमच्याकडेही ते नव्हतं. मग ती एकदा घरी आली. मी नेहमीसारखा तिच्या पेजेत मध घातला. तिने वाटी सरकवली.

"बाबा, मी मध खात नाही."

"पोट बिघडलंय?"

"नाही. तो माझा नाही."

"तुझा नाही कसा? तुझ्या बापाचा आहे."

"तुमचाही नाही. ज्यांनी केला त्यांचा आहे."

मी हसलो. म्हटलं, "पोरी, घर मी पोखरलं, मी टांगलं. मी भाडं घेतो."

"भाडं ठरवताना त्यांना विचारलंत?"

"दार उघडं असतं. पटत नसेल तर त्यांनी उडून जावं."

"मग उद्या तुमच्या दुकानातल्या भाडेकरूच्या घरात धूर सोडा, त्याची कणगी उचला आणि म्हणा, दार उघडं होतं."

कालेक्ये तेव्हा होती. ती चुलीपाशी तोंड फिरवून हसली. माझ्या बाजूने कुणी नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी हार मानली नाही. धंद्यात मी घासाघिशीत कुणाला हरलेलो नाही. म्हटलं, तू आंबा खातेस, त्याच्या फुलावर माझ्याच माश्या फिरतात. ती म्हणाली, फिरतात त्यांच्या मर्जीने, मी त्यांच्या घरात हात घालत नाही. म्हटलं, तू साखर खातेस, तोडणीआधी उसाचं शेत पेटवतात, आत काय काय जळतं ठाऊक आहे? यावर ती म्हणाली, "ते मलाही बोचतं, बाबा. पण तिथे जळतं म्हणून इथे मारायचं?" म्हटलं, मी मारत नाही. ती म्हणाली, "प्रत्येक काढणीला किती मरतात?" मी म्हटलं, मूठभर. तिने माझ्या मुठीकडे पाहिलं. माझी मूठ मोठी आहे.

मग मी माझा हुकमी मुद्दा काढला. या भागात कोळसेवाले फिरतात. ज्या झाडावर ओंडका टांगलेला असतो त्याला ते हात लावत नाहीत, कारण ओंडक्यावर खूण असते आणि खुणेमागे माणूस असतो. मी मध काढणं सोडलं तर ओंडके कुजतील, झाडं पोत्यात भरून शहरात जातील, आणि तिच्या माश्या कुठे राहतील? घासाघीस संपली. म्हणजे मला तसं वाटलं. ती म्हणाली, "झाडाची राखण मधासाठीच का करायची? झाडासाठी नाही करता येत?" मी आजही यावर विचार करतो. करता येईल. केली नाही.

शेवटी मी त्या वाट दाखवणाऱ्या पक्ष्याची गोष्ट काढली. तो चिवचिवत पुढे उडतो, आपल्याला रानातल्या पोळ्यापर्यंत नेतो, आपण मध काढतो आणि त्याच्यासाठी पोळ्याचा तुकडा ठेवतो. म्हटलं, मग तोही चोरच ना? ती म्हणाली, "तो पक्षी आहे. त्याला दुसरं काही येत नाही. तुम्हाला येतं."

हे वाक्य माझ्या कानातून गेलं नाही.

कलम ६. कानाबद्दल. माझी सगळी कमाई कानाची आहे. मी ओंडक्याला बोटाच्या पेराने टिचकी मारतो, कान लावतो, आणि सांगतो की आत मध किती, राणी आहे की गेली, उद्या काढावा की आठवड्याने. लोक तीन-तीन गावांवरून मला बोलवायला येत. जे मी कधी कुणाला सांगितलं नाही, ते इथे लिहितो. काढणीच्या आधीचा आवाज आणि नंतरचा आवाज एक नसतो. नंतर तीन दिवस आतून एक खालचा, लांबट सूर येत राहतो. कालेक्येने एकदा कान लावला आणि म्हणाली, "रडतायत." मी म्हटलं, "वेडी आहेस, डागडुजी करतायत." पन्नास वर्षं मी डागडुजी म्हणत आलो. ती बरोबर असेल. मीही बरोबर असेन. माणूस रडत रडतही घर शाकारतो.

कलम ७. आता माझा गुन्हा.

स्योम्बुआचं लग्न मुबुवीशी ठरलं. मुबुवी वायरमन आहे, कमी बोलतो, चांगला आहे. आमच्यात मुलाकडच्यांनी मध आणल्याशिवाय मुलगी दिली असं होत नाही. मुलीच्या बापाच्या भाऊबंदांतला थोरला माणूस तो मध सगळ्यांसमोर चाखतो आणि कोणत्या झाडाचा आहे ते सांगतो. मग बैठक उठते आणि ते लग्न लग्न ठरतं. मध आला नाही, तर मुलगी गावाच्या हिशेबी बिनलग्नाचीच राहते. उद्या तिला पुरायचं कुठे, यावरून भांडणं होतात. मी तशी दोन पाहिली आहेत.

स्योम्बुआ म्हणाली, "माझ्या लग्नात मध येणार नाही. येणार असेल तर मी येणार नाही."

मग तिने आणि मुबुवीने खजुराचा पाक आटवला. रंग तोच, दाटपणा तोच, तारही सुटते. मी तिला म्हटलं, चालेल. तिने माझा हात धरला. आणि त्या दिवशी, पाहुणे हात धूत असताना, मी कोठारात गेलो, मुबुवीच्या लोकांनी आणलेल्या वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातला पाक ओतून टाकला आणि त्यात गोरखचिंचेचा मध भरला. चाखणारा किलुंडो होता. मी सोडून भाऊबंदांतला थोरला तोच, त्याला टाळता येत नव्हतं. त्याच्या जिभेपुढे खजूर टिकणार नाही, भर बैठकीत तो थुंकेल आणि माझ्या पोरीचं हसं होईल, हे मला दिसत होतं.

किलुंडोने बोट बुडवलं, चाटलं, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "गोरखचिंचेचा. टेकडीवरच्या."

तेव्हा मला कळलं. घाईत मी दुसरी चूक केली होती. ते झाड माझं. म्हणजे मुलीच्या बापाने स्वतःच्या मुलीचा मध स्वतःच भरला. हे उघड झालं असतं तर बैठक मोडली असती. पण बाकीच्यांना वाटलं, मुबुवीने तो माझ्याच दुकानातून आणला असेल, आणि सगळे खाली मान घालून हसले. बैठक उठली. एवढंच आठवतं की घरामागे माश्यांचा मोठा आवाज येत होता आणि मी स्योम्बुआला विचारलं, एवढ्या माश्या कशाच्या? ती म्हणाली, जेवणाच्या वासाने आल्या असतील, बाबा.

त्या दिवसापासून नऊ वर्षं मी मध तोंडात घातलेला नाही. विकतो, खात नाही. हा कसला न्याय, ते मला विचारू नये. आणि नऊ वर्षं मी किलुंडोच्या तोंडाकडे बघत आलो की आज बोलतो की उद्या. तो बोलला नाही. का बोलला नाही, तेही मला कळत नाही. सूड घ्यायचा तर त्याला याहून चांगली संधी मिळाली नसती.

स्योम्बुआ, तुला न विचारता मी तुझ्या लग्नात मध घातला. माश्यांनाही मी कधी विचारलं नव्हतं. सवय एकच आहे. तू मला माफ करावंस की नाही, ते तू ठरव.

कलम ८. म्हणून गोरखचिंचेवरचा ओंडका किलुंडोला. गप्प राहिल्याबद्दल. आणि चव त्याच्या जिभेवरून मला नेता आली नाही म्हणून.

कलम ९. बाकी पंच्याऐंशी ओंडके स्योम्बुआला. ती मध काढणार नाही, हे मला माहीत आहे. मुथियानीने यावर कोर्टात जाऊ नये. माझी तिला एकच अट आहे. पहिल्या वर्षी भावाला एका, फक्त एका ओंडक्याचा मध काढू द्यावा. तिने आदल्या दिवशी त्याला कान लावावा आणि नंतर तीन दिवस लावावा. ते रडणं आहे की डागडुजी, ते तिने ऐकावं आणि मग सगळ्यांचं काय करायचं ते ठरवावं. मला ठरवता आलं नाही म्हणून मी हे तिच्या अंगावर टाकतो आहे. हा पळपुटेपणा आहे. मान्य.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

वरील मजकूर काटुंगे वकीलबाईंनी अंगणात मोठ्याने वाचला. कलम ७ खरं आहे हे सांगू शकणारा माणूस जगात एकच, म्हणून मी किलुंडोला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तो काठी टेकत आला, लांब बसला, ऐकत राहिला. कलम ७ संपलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं.

"अरे किथेका, तू मध घातलास?"

"घातला. आणि तू ओळखलास."

"काय ओळखलं, लेका! मी खजुराचा पाक चाखला. दातात अडकला होता दोन दिवस."

मी म्हटलं, तुझी जीभ म्हातारी झाली. तो म्हणाला, "जिभेचं सोड, डोळे तरी चांगले होते ना माझे. मी लघवीला मागे गेलो होतो. तुझी पोरगी त्या वालाच्या दगडावर भोपळा उपडा करून मध ओतत होती. माश्या अशा आल्या, अशा आल्या, दगड दिसेना. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं. म्हणाली, काका, सांगू नका. मग पिशवीतून बाटली काढली आणि भोपळ्यात पाक भरला."

"मग तू गोरखचिंचेचं नाव का घेतलंस?"

"चाखणाऱ्याने झाड सांगायचं असतं. खजुराचं झाड कसं सांगू? जन्मात जे एक झाड चांगलं चाखलं, तेच तोंडात आलं."

वकीलबाईंनी स्योम्बुआला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

मी विचारलं, "हे खरं?"

"बाबा, त्या सकाळी तुम्ही मला दोनदा विचारलंत की पाक आला की कुठे ठेवणार. तुम्ही एखादी गोष्ट दोनदा विचारता तेव्हा काय करणार असता, ते मला माहीत नाही का? मी दुसरी बाटली आणलीच होती."

"आणि तो मध?"

"ज्यांचा होता, त्या घेऊन गेल्या."

"नऊ वर्षं पोटात ठेवलंस?"

"तुम्हीही ठेवलंत."

मी विचारलं, म्हणजे मी नऊ वर्षं मध उगाच सोडला? ती म्हणाली, "सोडलात ना. आता त्याला कारण शोधत बसू नका."

मग मला धडकी भरली. मध आलाच नव्हता, तर लग्न झालं का? मी किलुंडोला विचारलं. तो ताठ बसला. बैठकीत बसायचा तसा. म्हणाला, "चाखणारा मी. मी मध म्हटला, तो मध. कुणाला शंका असेल तर माझ्याकडे पाठव."

वकीलबाई म्हणाल्या, "किलुंडो काका, एक अडचण आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर ते मिळणं जातं. दुसरा साक्षीदार आणू का? गोरखचिंच घ्या."

किलुंडोने टेकडीकडे पाहिलं. इथून ते झाड दिसतं. मग म्हणाला, "पेन द्या. त्या झाडाचं नाव मी एकदा फुकट वापरलंय. आता सही माझीच पाहिजे, नाहीतर हा म्हातारा पुढे कुणाला तरी सांगेल की मी चुकीचं चाखलं."

सबब कलम ८ रद्द. गोरखचिंचेवरचा ओंडकाही स्योम्बुआकडे, म्हणजे सगळे शहाऐंशी. त्यावर मी पुन्हा कोरलेली माझ्या वडिलांची खूण आहे, ती पुसू नये. आणि तिच्याखाली किलुंडोच्या बापाने जाळल्याचा उरलेला काळा डाग आहे, तोही तासू नये. कलम ९ ची अट तशीच. एक दुरुस्ती: कान लावायला जाताना स्योम्बुआने किलुंडो काकाला सोबत घ्यावं. तो रडणं म्हणेल की डागडुजी, ते मला सांगता येत नाही, आणि हल्ली मला तेच बरं वाटतं.

सुनेने चहा आणला आहे. शेजारी मधाची वाटी आहे, सवयीने ठेवलेली. किलुंडोने घातला. मी अजून घातलेला नाही. हे लिहून होईपर्यंत ठरवेन असं वाटलं होतं.

सही: किथेका न्दुंदा
(शेजारी खूण: तीन उभ्या रेघा आणि एक ठिपका)

साक्षीदार
१. काटुंगे, वकील, मुतोमो. वरील सही माझ्या देखत झाली. चहा बिनमधाचा प्यायला.
२. किलुंडो, किथुनी. चाखून पाहिलं. खरं आहे.

स्थळ: किथुनी, घरामागचा सपाट दगड, कारण अंगणात ऊन आलं.
दिनांक: १४ ऑगस्ट २०२३